सरकारी कान

पहाटेचा खर्जाचा रियाज झाला की परतूरकरबाई तोंडावर पाणी मारायच्या, देवापुढे निरांजन लावायच्या आणि पदर सारखा करून भिंतीवरच्या कानासमोर उभ्या राहायच्या. कान म्हणजे साबणाच्या डबीएवढं एक पांढरं यंत्र. सरकारी भाषेत त्याचं नाव 'स्वररक्षक', पण परभणीत ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. यंत्र गोड आवाजात म्हणायचं, आजच्या दिवसाविषयी एक वाक्य बोला. बाकीची माणसं 'आज मंगळवार आहे' एवढं म्हणून मोकळी व्हायची. बाई मात्र वार, तिथी, पक्ष, नक्षत्र सगळं सांगून वर यंत्राचं कल्याण चिंतायच्या. समोर ऐकणारा कुणीही असो, त्याला अर्धवट सांगून उठायचं नाही, ही कीर्तनाच्या गादीवर लागलेली सवय.

कान क्षणभर गप्प राहायचा. मग त्याच्या कपाळावरचा दिवा लाल व्हायचा.

"आपला आवाज मिळाला. आपण बाधित आहात. कृपया घरातच थांबा. हे सरकार आपला आवाज ऐकतं."

ताप नाही, खोकला नाही, घास नीट उतरतोय, झोप लागतेय. तरी लाल. आणि दिवा लाल आहे तोवर दाराबाहेरची पट्टी उघडणार नव्हती.

त्या वर्षीच्या साथीला लोक घोगरा ताप म्हणत. विषाणू आधी गळ्यात उतरायचा, स्वरतंतूंवर मुक्काम करायचा आणि चार-सहा दिवसांनी ताप घेऊन फुप्फुसांत जायचा. आपण बोलतो तेव्हा हे दोन तंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा एकमेकांवर आपटत असतात, आणि निरोगी गळ्यात प्रत्येक आपटणं आधीच्यासारखंच असतं. तंतूंना जराशी सूज आली की त्यात बारीक चुका शिरतात. एक कंप किंचित लांबतो, पुढचा किंचित दबतो. माणसाला ते ऐकू येत नाही, यंत्राला येतं. हुशार माणसांनी लाखो लोकांचे आवाज यंत्राला ऐकवले, त्यांतलं कोण पुढे आजारी पडलं आणि कोण नाही ते सांगितलं, आणि उरलेलं यंत्र आपलं आपण शिकलं. ताप यायच्या आधीच रोगी सापडायला लागला. शोध खरंच मोठा होता. पहिल्या लाटेत त्यानं कितीतरी जीव वाचवले, हे बाईसुद्धा मान्य करायच्या.

घोळ नंतर झाला. यंत्र स्वस्त आणि नाकातला नमुना तपासणं महाग, म्हणून सरकारनं नमुने घेणंच बंद केलं. घरोघर कान बसले, दारोदार पट्ट्या लागल्या, आणि कान चुकला तर कुणाला सांगायचं, ती जागाच कुठे उरली नाही. ज्या लाखो आवाजांवर यंत्र शिकलं त्यांत दुकानदार होते, शिक्षक होते, बँकेतल्या बाया होत्या. पण जन्मभर भोंग्याशिवाय देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत कथा पोचवलेला, रोज पहाटे तासभर खर्जात घोळवलेला नारदीय कीर्तनाचा गळा त्यांत एकही नव्हता. तसल्या गळ्यातले तंतू जाड झालेले असतात, खर्जानंतर सैल पडलेले असतात. यंत्राच्या लेखी ती सूजच.

हे सगळं नेमकं ऋजुता माहेरी आल्यावर घडलं. लेकीचं पहिलं बाळंतपण आईकडे, म्हणून जावई तन्मय तिला पुण्याहून आणून सोडून गेला आणि आठवड्याच्या आत जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या. मग एका सकाळी कान लाल झाला. नियम असा, की लाल माणसाच्या घरातल्या हिरव्या माणसांनी तासाभरात दुसरीकडे जायचं. आठवा महिना लागलेली पोर जाणार कुठे? समोरच्या दारातल्या साळवे सिस्टर आल्या, काही न विचारता तिची बॅग उचलली आणि म्हणाल्या, चल गं. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात उभी नोकरी काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलगा दुबईला, घरात एकट्या.

तेव्हापासून मायलेकींच्या मध्ये जिन्याचा एवढासा चौक आणि दोन बंद दारं. मागच्या गॅलऱ्या मात्र शेजारी-शेजारी होत्या. मधे आडवी भिंत, पण वाकून हात लांबवला तर बोटाला बोट लागलं असतं. ऋजुता रोज संध्याकाळी हात पुढे करायची. बाई करायच्या नाहीत.

कान खोटा आहे, असं सगळेच म्हणत होते. पण तो खरा असला तर? दारावरच्या पट्टीपेक्षा या एका प्रश्नानं बाईंना जास्त घट्ट बांधलं होतं. पट्टी काय, बोटभर रुंदीची प्लास्टिकची. ती तोडली की भोंगा वाजणार आणि सगळ्या जिन्याच्या बंदीची मुदत तीन आठवड्यांनी वाढणार, एवढंच. पण लेकीपाशी आपणच रोग नेऊन ठेवला, तर देवाला काय तोंड दाखवायचं?

त्यांना फक्त एक हवं होतं. कळा सुरू होतील तेव्हा लेकीच्या उशाशी आपण असावं. त्यासाठी कुणीतरी येऊन नाकात एकदा ती काडी घालावी आणि खरं काय ते सांगावं.

मदतवाहिनीला फोन लावला, की तिथंही आधी यंत्रच बोलायचं. आवाजावरून ओळखायचं की बाई लाल आहेत, आणि लाल माणसाला माणसाकडे न देता 'मनःशांती विभागा'कडे वळवायचं. तिथं आपला क्रमांक येईपर्यंत कीर्तन लावून ठेवलेलं असे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बाई चमकल्या. कीर्तन त्यांचंच होतं. सहा वर्षांपूर्वी सरकारच्या कुठल्याशा उपक्रमासाठी त्यांनी गोकुळाष्टमीचं आख्यान एक पैसा न घेता रेकॉर्ड करून दिलं होतं.

आता कीर्तन चालू असताना मधेच उठायचं नाही, हा त्यांचा नेम. स्वतःचं असलं म्हणून काय झालं? बाईंनी फोन स्पीकरवर टाकला, समोर पाटावर ठेवला, चिपळ्या घेतल्या आणि मांडी घालून ऐकायला बसल्या. इथं आपण जरा घाई केली, असं पुटपुटल्या. इथं मात्र बरं जमलंय, असंही म्हणाल्या. तुरुंगाच्या दारापर्यंत कथा आली तेवढ्यात भिंतीवरचा कान बोलला.

"घरात नवीन व्यक्ती आढळली आहे. ही व्यक्ती बाधित आहे. या घरातील बाधितांची संख्या दोन. सर्व जिन्याची मुदत वाढवण्यात येत आहे."

दुसऱ्या दिवशी गॅलरीतून सोडलेल्या टोपलीत सरकारी काढ्याची एकाऐवजी दोन पाकिटं वर आली. कुणीतरी कुठेतरी काम चोख करत होतं खरं.

त्याच दुपारी एकदाची फोनवर माणसाची गाठ पडली. पोरगी होती, दमलेल्या आवाजाची. तिनं सांगितलं, "मॅडम, दुसऱ्या पेशंटला फोनवर द्या."

"दुसरी पेशंट मीच आहे, बाळ. सहा वर्षांपूर्वीची."

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला. "मग त्यांची तक्रार त्यांनाच नोंदवावी लागेल, मॅडम."

बाईंनी तिला सावकाश, दृष्टांत देऊन समजावलं. हा रोग गेल्या दिवाळीनंतरचा. सहा वर्षांपूर्वीच्या आवाजात तो यंत्राला सापडला. म्हणजे यंत्राला रोग कळत नाही, माझा गळा कळतो. तेव्हा नाकाचा नमुना घ्यायला एक माणूस पाठव. पोरगी म्हणाली, नमुने आता होत नाहीत, मशीन चुकत नाही. असं कोण म्हणतं, बाईंनी विचारलं. मशीनच्या अहवालात आहे, असं उत्तर आलं. मग पोरगी एकदम हळू आवाजात बोलली.

"माझी आईपण लाल आहे, मॅडम."

"मग तू कुठे राहतेस?"

"इथंच. ऑफिसात."

बाईंना पुढे भांडवेना. जेवलीस का, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं मोबाईलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे.

जिन्याची मुदत वाढल्यानं वरच्या मजल्यावरचे डोईफोडेसाहेब खवळले. तहसीलमधून निवृत्त झालेले गृहस्थ, सरकारनं त्यांना जिनाप्रमुख नेमलेलं, गळ्यात ओळखपत्र अडकवून घरातल्या घरात फिरायचे. कठड्यावरून वाकून त्यांनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सुनावलं, की बाई, राहता एकट्या आणि पेशंट दोन-दोन बाळगता, हे बरं आहे. आमच्या नातवाची परीक्षा बुडाली तुमच्या भक्तीपायी. बाईंनी दाराआडून माफी मागितली. साहेब म्हणाले, माफीचा कॉलम नाही आमच्याकडे.

तन्मयला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. यंत्रं-बिंत्रं हेच त्याचं काम होतं. त्याच्या मते त्या रेकॉर्डिंगनं काहीच सिद्ध होत नव्हतं. फोनच्या छोट्या स्पीकरची खरखर यंत्रानं रोग म्हणून धरली असेल. बाईंचा चेहरा उतरला. एवढा एक पुरावा हाती लागला होता, तोही गेला.

"आई, कानासमोर उभं राहायच्या आधी तुम्ही काय करता?"

"काय म्हणजे? खर्ज लावते."

"किती वेळ?"

"वेळ कोण बघतो, तन्मयराव? उजाडेपर्यंत."

 तन्मय म्हणाला, "थोडे दिवस सोडता येईल का? गळ्याला नुसती विश्रांती. बोलायचंसुद्धा हळू. गळा शहरातल्या चारचौघांसारखा झाला, तर दिवा बदलेल असं मला वाटतं."

 यजमान गेले तेव्हा सुतकात देवपूजा थांबली होती, खर्ज थांबला नव्हता. ते पेटीवर साथ करायचे. त्यांची पेटी अजून कोपऱ्यात होती, आणि पहाटेच्या त्या तासाला बाई एकट्या नसायच्या. पण यात खोटं तर काही नव्हतं. लेकीसाठी एक गोष्ट सोडायची होती. त्यांनी देवाला सांगितलं आणि सोडली.

घर विचित्र झालं. पहाट व्हायची आणि तिला काही कामच नसायचं. बाई गादीवर बसून राहायच्या, ओठ मिटून. आवाज आतून वर यायचा आणि त्या तो गिळायच्या. चार भिंतींत कोंडलेलं त्यांना एवढे दिवस कळलं नव्हतं, ते आता कळलं. आधी नुसतं दार बंद होतं. आता त्या स्वतःच बंद झाल्या होत्या. टीव्हीवर मंत्री रोज सांगायचे, की जनतेचा आवाज घराघरात जाऊन ऐकणारं देशातलं हे पहिलंच सरकार. बाई टीव्हीचाही आवाज कमी करायच्या.

गळा हळूहळू बारीक झाला. गॅलरीतून ऋजुता चिडवायची, "आई, तू बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलायला लागलीस गं." बाई हसायच्या, तेही जपून.

आणि मग एका सकाळी दिवा पिवळा झाला.

"आपल्या आवाजात सुधारणा आहे. उद्या सकाळी दिवा हिरवा झाल्यास आपलं दार उघडेल."

बाईंनी देवापुढे साखर ठेवली. साळवे सिस्टरनी गॅलरीतून विचारलं, की उद्या दशम्या करू का धपाटे. ऋजुता म्हणाली, आधी मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपणार, खाण्याचं नंतर बघू.

उद्यापर्यंत थांबायला बाळ तयार नव्हतं. दुपार कलली आणि ऋजुताला कळा सुरू झाल्या.

सिस्टरनी मदतवाहिनीला फोन केला. जिना लाल असल्यामुळे रुग्णवाहिकेला विशेष परवानगी लागेल, असं कळलं. तासाभरानं संदेश आला, की आपली विनंती स्वीकारण्यात आली आहे. विनंती स्वीकारली म्हणजे गाडी निघाली असं नव्हे, हे एव्हाना सगळ्या परभणीला ठाऊक होतं. सिस्टरनी वाट पाहणं सोडलं. पाणी तापत ठेवलं, चादरी काढल्या.

बाई गॅलरीत उभ्या होत्या. भिंतीपलीकडून लेकीचं कण्हणं येत होतं आणि त्यांचे हात नुसतेच कठड्यावरून फिरत होते. उन्हं उतरली. कण्हण्याचं रडणं झालं. मग सिस्टर गॅलरीत आल्या. कपाळावर घाम होता, पण आवाज वॉर्डातला, शांत.

"बाई, बाळाचं सगळं ठीक आहे. पोरगी घाबरलीय. अंग आखडून घेतलंय, श्वास धरून ठेवतीय. माझं ऐकत नाही, आई-आई करतीय. तुम्ही बोला तिच्याशी."

बाईंनी हाक मारली. ऋजू, घाबरू नकोस, मी आहे इथंच. त्या बारीक, जपलेल्या आवाजात.

आतून ऋजुता ओरडली, "ही आई नाहीये माझी. आईला बोलवा."

सिस्टर बाईंकडे बघत राहिल्या. "असं नको, बाई. तुमच्या आवाजात."

गॅलरीच्या उघड्या दारातून भिंतीवरचा कान दिसत होता. कपाळावर पिवळा दिवा. एक रात्र काढली, की हिरवा होणार होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना एकदम लहान ऋजुता दिसली. देवळात कीर्तनाचा उत्तररंग चालू असायचा आणि ही वडिलांच्या पेटीमागे सतरंजीवर झोपलेली असायची. झांजांनी जागी व्हायची नाही. आईचा आवाज थांबला, की मात्र जागी होऊन रडायची.

बाई घरात आल्या. यजमानांची पेटी त्यांनी ओढत गॅलरीच्या दाराशी आणली, भाता मोकळा केला, आपल्या सुराची पांढरी एक दाबून धरली, आणि कितीतरी दिवसांनी पोट भरून श्वास घेतला.

पहिल्याच सुराला दिवा लाल झाला. कान काहीतरी बोलू लागला. कुणी ऐकलं नाही.

आख्यान गोकुळाष्टमीचंच लागलं, दुसरं सुचलंच नाही. तुरुंगात कोंडलेली आई, बाहेर पहारे, आणि जन्माला येणारा तो. बाई ओळ टाकायच्या, थांबायच्या, आणि त्या थांबण्याच्या जागी पलीकडे लेकीचा श्वास सुटायचा. सिस्टरनी ती लय पकडली. आता घे, आता सोड, आता जोर लाव. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी ध्रुवपद धरलं, मग दुसऱ्यानं, मग टाळ्या. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. गळा किती दिवसांनी वाहत होता, आणि तो कुठे जाऊन पोचतोय हे त्यांना न बघता दिसत होतं.

दिवेलागणीला बाळ रडलं.

सगळं एकदम थांबलं. पेटीचा सूर विरला. बाळ पुन्हा रडलं, आणि काय रडणं ते. जाडं, फाटकं, खरखरीत, भिंत फोडून येणारं. नुकत्या जन्मलेल्या गळ्यातले तंतू ओले, कोवळे, बेशिस्त. एक कंप दुसऱ्यासारखा नाही. त्या रडण्यावर भिंतीपलीकडचा, साळवे सिस्टरच्या घरातला कान गोड आवाजात बोलला, आणि बाईंना गॅलरीत शब्द न् शब्द ऐकू आला.

"घरात नवीन व्यक्ती आढळली आहे. ही व्यक्ती बाधित आहे. कृपया तीन आठवडे घरातच थांबा. हे सरकार आपला आवाज ऐकतं."

 बाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, पदर तोंडाला लावावा लागला. जगात येऊन ज्याला मिनिटभर झालं नाही, ज्यानं अजून आईखेरीज कुणाला पाहिलं नाही, तेसुद्धा बाधित. इथं कुठला स्पीकर नव्हता, कुठली खरखर नव्हती. कान खरा असला तर, हा इतके दिवस छातीवर बसलेला प्रश्न उठून गेला.

वाती कापायची छोटी कात्री देवघरात होती. बाईंनी ती घेतली, दार फटीएवढं ओढलं. आख्यानात या जागी कुलपं आपोआप गळून पडतात. त्यांनी शेकडो वेळा ती तशी पाडली होती. इथं पट्टी जशीच्या तशी ताणलेली होती. त्यांनी बोटं बाहेर काढली आणि ती कापली.

भोंगा सुरू झाला. जिनाभर लाल उजेड फिरायला लागला. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि कठड्यावरून डोईफोडेसाहेबांचं डोकं डोकावलं. गळ्यात ओळखपत्र होतं. बाई कात्री हातात घेऊन चौकात उभ्या. दोघांची नजरानजर झाली.

"मुलगा का मुलगी?" साहेबांनी विचारलं.

"अजून बघितलं नाही."

 साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं. "आमची झोपायची वेळ झालीय, बाई. आम्हाला वर काही ऐकू येत नाही." आणि दार लावून घेतलं. अजून बाहेर धड अंधारही पडला नव्हता.

साळवे सिस्टरनी बाईंना आधी मोरीत नेऊन हातपाय धुवायला लावले, धुतलेलं लुगडं दिलं आणि मगच आत सोडलं. मुलगी होती. ऋजुतानं डोळे उघडले, उशाशी बसलेल्या आईच्या मांडीवर डोकं सरकवलं आणि म्हणाली, "आलीस." मग बऱ्याच वेळानं तिला सुचलं, "आता अजून तीन आठवडे, ना गं? म्हणजे बारसं इथंच. आणि आत्या पुण्यात. नाव कोण ठेवणार?"

नाव ठेवायचं ते आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं, मोठ्यानं नंतर. बारशाला अजून अवकाश होता. पण बाईंना धीर निघेना. भोंगा अजून वाजत होता. केव्हातरी गाडी येईल, माणसं येतील, दंड सांगतील, पुन्हा पट्टी लावतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी बाळाला उचललं. ते पुन्हा त्या फाटक्या आवाजात रडू लागलं आणि भिंतीवरचा दिवा आणखी लाल झाला.

"आपल्याच घरातला गळा आहे गं," बाई म्हणाल्या.

मग त्या वाकल्या आणि बाळाच्या इवल्याशा कानाला ओठ लावून त्यांनी नाव सांगितलं. बाळ रडायचं थांबलं, ऐकू लागलं. ऋजुताला ऐकू आलं नाही, सिस्टरना आलं नाही. भिंतीवरच्या कानानं दोनदा विचारलं, की कृपया पुन्हा बोला, आवाज मिळाला नाही.